फॅक्टरी डिफॉल्टच्या नावानं चांगभलं

लॅपटॉपवर ‘रिस्टोअर सक्सेसफुल’ अशी हिरवी पट्टी आली की कंपनीचा इंजिनियर लॅपटॉप मिटतो, चहा घेतो, सर्व्हिस रिपोर्टवर सही घेतो आणि गेटपास परत करून निघून जातो. त्या हिरव्या पट्टीवर माझा काडीचाही विश्वास नाही. फाइल ड्राइव्हमध्ये शिरली, एवढंच ती सांगते. मशीन पूर्वीसारखं चालेल का, हे तिला कुणी विचारलेलंच नसतं. ज्यांनी विचारायला हवं ते प्रॉडक्शनवाले साहेब तेव्हा घड्याळाकडं बघत ‘झालं ना? मग द्या लाइन’ म्हणत असतात.

मी भोसरी-चाकण पट्ट्यात ड्राइव्हची कामं करून पोट भरतो. ज्यांचा या डब्याशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. महावितरणची ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झची थ्री फेज आत येते, तिचं डीसी होतं आणि त्या डीसीचे तुकडे पाडून हवी ती फ्रिक्वेन्सी मोटरला दिली जाते. फ्रिक्वेन्सी बदलली की मोटरचा वेग बदलतो. क्रेन, कन्व्हेयर, ब्लोअर, पंप, लिफ्ट, सगळीकडं हाच डबा. मोटर किती अँपिअरची, किती सेकंदांत वेग घ्यायचा, किती सेकंदांत थांबायचं, कुठल्या टर्मिनलवर सिग्नल आला की काय करायचं, कुठल्या रिलेनं कधी ओढायचं, अशी शेकड्यांनी सेटिंगं त्यात असतात. त्यांना पॅरामीटर म्हणतात. डबा बाजारात मिळतो. पॅरामीटर त्या मशीनवर उभं राहून बसवावे लागतात, आणि त्याला कमिशनिंग म्हणतात.

मग एक दिवस ड्राइव्हवाल्याचा मेल येतो, की नवं फर्मवेअर आलंय. गुरुवारी, म्हणजे आमच्याकडच्या सुट्टीच्या दिवशी, अपग्रेड ठरतं. अपग्रेड होतं आणि ड्राइव्ह कारखान्यातून निघाला त्या दिवशीसारखा कोरा होतो. प्रत्येक वेळी होतोच असं नाही, पण पुष्कळदा होतो, आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्ये ‘आधी बॅकअप घ्या’ अशी ओळ बारीक टाइपात छापलेली असते. ती ओळ ग्राहकाच्या सोयीसाठी नसून कंपनीच्या वकिलासाठी असते. घरात नवी फरशी बसवणारा गडी जुन्या फरशीबरोबर चूलही उखडून घेऊन गेला, तर त्याला कुणी मजुरी देईल का? इथं देतात, वर जीएसटीसकट.

अपग्रेडच करू नका, असं मी म्हणत नाही. फर्मवेअरमध्ये चुका असतात आणि त्या दुरुस्त करायलाच हव्यात. नेटवर्कला जोडलेल्या ड्राइव्हला कुलूप नसलं तर काय होतं, हे २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेटनं जगाला दाखवलं आहे. इराणच्या नतांझमधल्या सेंट्रिफ्यूजवर सोडलेला हा व्हायरस फिनलंडच्या व्हॅकॉन आणि इराणच्या फरारो पाया या दोन कंपन्यांचे ड्राइव्ह शोधत होता, तेही ८०७ ते १२१० हर्ट्झच्या दरम्यान चालणारे. सापडले की तो एकच काम करायचा. फ्रिक्वेन्सी १४१० करायची, मग २ वर आणायची, मग १०६४ वर सोडायची, आणि मध्ये कित्येक दिवस गप्प बसायचं. बॉम्ब नाही, ठिणगी नाही. ड्राइव्हच्या सेटिंगमधला एक आकडा, बस्स. मशीनची नाडी कुठं असते हे त्या व्हायरस लिहिणाऱ्यांना नेमकं कळलं होतं. आमच्या प्लँट हेडना कळलेलं नाही, कारण ते ‘अहो, सेटिंगच तर आहे, घालून टाका परत’ असं म्हणतात.

सेटिंग उडाली आणि मशीन चालूच झालं नाही, तर समजा देव पावला. स्टार्टचं बटण दाबलं, काही हललं नाही, कारण कमांड आता टर्मिनलऐवजी कीपॅडवरून मागितली जातेय. ब्लोअर चालू करायला गेलात आणि ओव्हरकरंटवर ट्रिप झाला, कारण वाऱ्यानं आधीच उलटा फिरणारा पंखा पकडायची फ्लाइंग स्टार्टची सोय बंद झालीय. हे प्रकार आरडाओरडा करतात, त्यामुळं सापडतात. फोन येतो, माणूस धावतो, दोन तासांत मिटतं. माझं भांडण त्या ड्राइव्हशी आहे जो अपग्रेडनंतर मुकाट्यानं चालू होतो.

फ्रिक्वेन्सीचंच घ्या. कित्येक ड्राइव्हमध्ये ‘अमेरिका की बाकीचं जग’ असं विचारणारं एक सेटिंग असतं. ते चुकून अमेरिकेवर गेलं की ड्राइव्ह आपल्या मोटरला ४६० व्होल्ट, ६० हर्ट्झची समजतो. आपली मोटर ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झची, म्हणजे दर हर्ट्झला ८.३ व्होल्ट मागणारी. तिला आता मिळतात ७.६७. मोटरची जास्तीत जास्त ओढ या प्रमाणाच्या वर्गानं घटते, म्हणजे साधारण १५ टक्के गेले. रिकामा कन्व्हेयर मजेत पळतो, ट्रायल ‘ओके’ होते, इंजिनियर जातो. शुक्रवारी सकाळी पूर्ण माल चढला की मोटर धापा टाकायला लागते. आता तोच ड्राइव्ह ब्लोअरवर असेल तर गंमत उलटी. स्पीडचा पॉट पूर्ण फिरवला की पूर्वी ५० हर्ट्झ यायचे, आता ६० येतात. १४४० फेऱ्यांचा पंखा १७०० च्या वर जातो. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनानं वाढते, त्यामुळं मोटरवर आता सुमारे पावणेदोन पट भार येतो. ऑपरेटर म्हणतो, ‘अपग्रेडनंतर हवा झकास येतेय, साहेब.’ झकासच येणार.

या वेळी ओव्हरलोडनं ट्रिप व्हायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. व्हायला हवंच होतं. पण आपल्याकडं ‘पुढं मोठी मोटर बसवायची आहे’ म्हणून ७.५ किलोवॉटच्या मोटरवर १५ किलोवॉटचा ड्राइव्ह बसवायची जुनी हौस आहे. मोटर पंधराएक अँपिअरची, ड्राइव्ह तीस अँपिअरचा. कमिशनिंग करणाऱ्यानं थर्मल ओव्हरलोड मोटरच्या नेमप्लेटप्रमाणं पंधरावर बसवलेला असतो. फॅक्टरी डिफॉल्टला तो ड्राइव्हच्या स्वतःच्या अँपिअरवर, म्हणजे तिसावर जातो. आता मोटर दुप्पट करंट खाईपर्यंत ड्राइव्हला काही चुकतंय असं वाटतच नाही. मोटर जळते. वाइंडिंगवाला काळी झालेली कॉइल दाखवून ‘ओव्हरलोड’ एवढंच म्हणतो. रिपोर्टमध्ये लिहिलं जातं की ऑपरेटरनं जास्त माल टाकला.

क्रेनची गोष्ट सांगताना मात्र माझी जीभ जरा जड होते. होइस्टच्या मोटरवर ब्रेक असतो, आणि तो ड्राइव्हच्या रिलेवरून सुटतो. नीट सेटिंग केलेलं असेल तर आधी मोटरमध्ये करंट भरतो, भार पेलण्याइतकी ओढ तयार झाल्याची खात्री होते आणि मगच ब्रेक उघडतो. आता काही ड्राइव्हमध्ये पहिल्या रिलेचं फॅक्टरीतून ठरलेलं काम ‘ड्राइव्ह ठणठणीत आहे’ एवढं सांगण्याचं असतं. म्हणजे सप्लाय दिला आणि फॉल्ट नसला की रिले ओढून बसतो. ब्रेक त्याच रिलेवर जोडलेला असला, तर सेटिंग उडाल्यावर मेन स्विच टाकताक्षणी ब्रेक उघडणार. मोटरमध्ये ओढ शून्य आणि हुकाला लोखंड लटकलेलं. शहाणा पॅनेलवाला मध्ये एक कॉन्टॅक्टर घालून ही वाट बंद करतो. पण शहाण्या पॅनेलवाल्याचं कोटेशन वर असतं, आणि ऑर्डर खालच्या कोटेशनला जाते. १९४८ च्या कारखाना अधिनियमानं उचल-यंत्रांची बारा महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून तपासणी सक्तीची केली. ते लोक येतात, हूक बघतात, वायर रोपचे तुटलेले धागे मोजतात, टेस्ट लोड उचलून बघतात, शिक्का मारतात. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी येऊन ड्राइव्हचं पोट रिकामं करून जातं आणि शिक्का तसाच खरा राहतो.

याच्याहून छुपं प्रकरण थांबण्याचं आहे. मोटर थांबवताना ती जनरेटर होते आणि वीज ड्राइव्हमध्येच परत ढकलते. एरवी ५८७ व्होल्टच्या आसपास असणारी डीसी बस चढत जाते आणि ८०० च्या घरात गेली की ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतो. म्हणून जिथं झटपट थांबायचं तिथं ब्रेक रेझिस्टर बसवतात, ही जादा वीज त्यात जाळतात, आणि ड्राइव्हमधली ‘बस चढायला लागली तर थांबायचा वेळ आपोआप वाढव’ ही सोय बंद करतात. फॅक्टरी डिफॉल्टला ही सोय बऱ्याच ड्राइव्हमध्ये चालू असते. म्हणजे सेटिंग उडाली की ट्रिप नाही, अलार्म नाही, काही नाही. मशीन फक्त पूर्वीपेक्षा उशिरा थांबतं. ज्या मशीनसमोर लाइट कर्टन, म्हणजे हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा, आहे तिथं हा उशीर किती महाग पडतो ते बघा. कर्टन मशीनपासून किती लांब बसवायचा याचं गणित आयएसओ १३८५५ या मानकात आहे. माणूस सेकंदाला १६०० मिलिमीटर वेगानं आत येतो असं धरायचं, त्याला मशीन थांबायच्या वेळेनं गुणायचं आणि वर थोडी भर घालायची. थांबायचा वेळ अर्ध्या सेकंदानं वाढला तर कर्टन ८०० मिलिमीटर मागं न्यायला हवा. कोण नेतो? कर्टनचा दिवा हिरवा आहे, ड्राइव्हचा दिवा हिरवा आहे, आणि माणसाचा हात पोचेल तेव्हा मशीन अजून फिरत असेल.

आता बॅकअपवाल्या पंडितांकडं वळू. ‘आम्ही बॅकअप घेतला होता’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याची मला चीड येते. घेतला असेल. तो जुन्या व्हर्जनचा आहे. नव्या व्हर्जनमध्ये काही पॅरामीटरचे नंबर सरकलेत, काहींचे पर्याय वाढलेत, काही काढून टाकलेत. सॉफ्टवेअर जे ओळखता येईल ते घालतं, बाकीचं गुपचूप सोडून देतं, किंवा तीन पानी लॉग देतं जो कुणी उघडत नाही. कीपॅडमध्ये कॉपी घेतली असेल तर कित्येक कीपॅड व्हर्जन जुळलं नाही की कॉपी परत घालायलाच नकार देतात. काही कीपॅडमध्ये ‘सगळं’ आणि ‘मोटरच्या आकाराशी संबंध नसलेलं तेवढंच’ असे दोन पर्याय असतात, आणि घाईत दुसरा निवडला गेला की नेमका मोटरचा डेटा गाळला जातो. ऑटोट्यूनचं तर विचारूच नका. ड्राइव्हनं मोटरचा रेझिस्टन्स वगैरे मोजून जे आकडे साठवले होते ते गेले असतील, तर ट्यूनिंग परत करावं लागतं. त्यातल्या काही पद्धतींत मोटर लोडपासून सोडवून फिरवावी लागते, म्हणजे कपलिंग उघडा, मेकॅनिकल फिटर बोलवा, अलाइनमेंट परत करा. हे कुणाच्याच वेळापत्रकात नसतं. आणखी एक नग आहे. सीमेन्सच्या ड्राइव्हवर काम करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असलेला पी०९७१. तो एकवर नेला नाही तर केलेली सेटिंगं रॅममध्येच राहतात, रॉममध्ये उतरत नाहीत. मशीन दिवसभर फर्स्ट क्लास चालतं. संध्याकाळी पाऊस येतो, लाइट जाते, लाइट येते, आणि ड्राइव्हला काहीच आठवत नाही. मग शिफ्ट इनचार्ज म्हणतो, ‘वीज पडली म्हणून ड्राइव्ह गेला.’

हे सगळं तांत्रिक झालं. पण मला ज्याचा खरा राग येतो ते वेगळंच आहे. एका कारखान्यात धूर खेचणारा एक मोठा पंखा होता. तिथले जुने वायरमन, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांनी कधीतरी हेरलं होतं की वेग वाढवताना ३७ हर्ट्झच्या आसपास वरचा डक्ट थरथरतो आणि पत्र्याचे बोल्ट ढिले होतात. त्यांनी ड्राइव्हमध्ये ३६ ते ३८ ही पट्टी वगळायला लावली, म्हणजे ड्राइव्ह तिथून उडी मारून पुढं जायचा. पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या पाकिटात एक कागद होता. त्यावर निळ्या बॉलपेननं पॅरामीटरचे नंबर आणि आकडे होते, शेजारी तारखा, दोन ठिकाणी खाडाखोड, आणि खाली ‘३७ ला डक्ट हलतो’ एवढं लिहिलेलं. तो कागद ऑडिटच्या आधी फाइव्ह-एसच्या साफसफाईत फेकून दिला, कारण तो ‘अनकंट्रोल्ड डॉक्युमेंट’ होता. मामा रिटायर झाले. मग अपग्रेड झालं. डक्टचा जोड सुटला तेव्हा मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि प्रोजेक्टवाले एकमेकांवर बोटं दाखवत होते. ३७ हा आकडा त्या कारखान्यातल्या एकाही कॉम्प्युटरमध्ये नव्हता. तो कुठल्या मॅन्युअलमध्ये असूच शकत नाही, कारण तो त्या डक्टचा, त्या छपराचा, त्या बोल्टांचा आकडा होता.

मशीनवाले बिल्डर यात दुधानं धुतलेले नाहीत. ते ड्राइव्हला पासवर्ड घालतात आणि पॅरामीटरची यादी मागितली की ‘इंटेलेक्चुअल प्रॉपर्टी’ म्हणतात. वेल्डिंगच्या कन्व्हेयरला चार सेकंदांचा रॅम्प लावणं ही कसली प्रॉपर्टी? पाच वर्षांनी तो बिल्डर दुकान बंद करून गेलेला असतो, पासवर्ड त्याच्याबरोबर. आणि ड्राइव्ह कंपन्यांनी ठरवलं तर प्रत्येक अपग्रेडनंतर जुन्या-नव्या पॅरामीटरची समोरासमोर यादी छापून, काय बदललं ते लाल रंगात दाखवणं आजच्या काळात मुळीच अवघड नाही. काहींच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी तुलना करायची सोय आहेही. पण ती मेनूच्या कुठल्यातरी कोपऱ्यात असते, आणि हिरवी पट्टी समोर.

नीट रिस्टोअर करायला काय लागतं ते मी प्रत्येक ठिकाणी सांगतो आणि प्रत्येक ठिकाणी मला ‘एवढा वेळ कशाला?’ हे उत्तर मिळतं. अपग्रेडच्या आधी फाइल तर घ्याच, पण सगळी यादी कागदावरही छापा आणि डिफॉल्टपेक्षा वेगळं काय काय आहे त्यावर खूण करा, कारण मशीनचं स्वतःचं जे काही आहे ते तेवढंच असतं. चालू मशीनचे आकडे लिहून ठेवा: रिकामं किती अँपिअर, पूर्ण मालावर किती, थांबायला स्टॉपवॉचवर किती सेकंद. अपग्रेडनंतर यादी ओळ न् ओळ जुळवा, नेमप्लेटपाशी जाऊन उभं राहून जुळवा. वेगाचा सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअरचा असताना इनपुट ० ते २० वर गेला असेल तर पंप कधीच शून्यावर येणार नाही, हे लॅपटॉपवर बघून कळत नाही. होइस्ट असेल तर हूक रिकामा करून, खाली कुणी नाही याची खात्री करून सप्लाय द्या आणि ब्रेक कधी उघडतो ते डोळ्यांनी बघा. मग लोड लावून बघा. इमर्जन्सी स्टॉप दाबून वेळ परत मोजा. सेफ्टी फंक्शन ड्राइव्हमध्ये असतील तर त्यांची अ‍ॅक्सेप्टन्स टेस्ट नव्यानं करून कागद फाइलला लावा. शेवटी मेन स्विच पाडा, डीसी बस उतरेपर्यंत थांबा, परत चालू करा आणि सगळं जागेवर आहे का बघा. मोठ्या लाइनला अख्खा गुरुवार जाईल. जाऊ दे.

पण अख्खा गुरुवार द्यायचा तर आधी यादी हातात हवी, आणि यादी हातात यायची जागा म्हणजे परचेस ऑर्डर. मशीन घेताना शेवटचे दहा टक्के पैसे हातात असतात, तेव्हाच बिल्डरला सांगायचं: पॅरामीटरची पूर्ण यादी, पासवर्ड आणि कमिशनिंगचे आकडे दिल्याशिवाय ते दहा टक्के सुटणार नाहीत. वार्षिक देखभालीच्या (एएमसी) करारातही एक ओळ घाला, की अपग्रेडनंतर मशीन आधीच्या मोजलेल्या आकड्यांवर आणून दिलं तरच बिल पास होईल. परचेसवाले म्हणतात, अशी अट घातली की समोरचा भाव वाढवतो. वाढवू द्या ना. वाढलेला भाव एका रकान्यात लिहा, आणि शेजारी जळालेल्या मोटरचं वाइंडिंग, दोन दिवस बंद लाइन, रातोरात मागवलेला इंजिनियर आणि त्याची गाडी लिहा. तो दुसरा रकाना भरून दाखवायला अजून एकही परचेसवाला तयार झालेला नाही.